आधी यादी, मग सेन्सर : वीज, पाणी आणि गॅस संस्थांमधली सामानाची साखळी स्मार्ट करण्याचा क्रम

सार्वजनिक सेवा संस्थेत पुरवठा साखळी 'स्मार्ट' करायची ठरली की पहिली निविदा निघते ती उपकरणांची. टॅग, सेन्सर, स्कॅनर, मागणीचा अंदाज बांधणारी प्रणाली. सामानाची यादी नंतर नीट करू, मोजणी प्रणाली बसल्यावर करू, असं ठरतं. मग प्रणाली उभी राहते, भूमिगत केबल कुठे फुटली ते नियंत्रण कक्षाला काही सेकंदांत कळतं, गाडी वेळेत पोहोचते, खड्डा खणून तयार असतो आणि भांडारातून आलेलं जोड किट ९५ ऐवजी १५० चौरस मिमीचं निघतं. प्रणालीत दोन्हींचं नाव एकच असतं : 'केबल जोड किट'.

चूक तंत्रज्ञानात नसते, क्रमात असते. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले पाच टप्पे साध्या तक्त्यावर होतात, त्यांना एकही नवं उपकरण लागत नाही. सगळा गोंधळ तेच टाळल्यामुळे होतो.

## कामाला हात घालण्यापूर्वी

तीन माणसं एका टेबलावर हवीत : भांडाराचा प्रमुख, खरेदीचा प्रमुख आणि क्षेत्रात दुरुस्तीची पथकं चालवणारा अभियंता. संगणक विभागाचा माणूस असावा, पण नेतृत्व त्याच्याकडे देऊ नका. हे काम सॉफ्टवेअरचं आहे असं एकदा ठरलं की भांडारपाल आणि लाइनमन त्यातून अंग काढून घेतात, आणि खरी माहिती तर त्यांच्याकडेच असते.

आणखी एक गोष्ट आधी बोलून घ्या. आपल्या क्षेत्रात दुसरा पुरवठादारच नाही, मग स्पर्धा कसली, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. मोठा ग्राहक स्वतःची वीज तयार करू शकतो, स्वतःचा पाण्याचा स्रोत उभा करू शकतो. नियामक शेजारच्या संस्थेचे आकडे समोर ठेवून तुमचा खर्च मान्य करतो किंवा कापतो. चांगला पुरवठादार वेळेवर पैसे देणाऱ्याला आधी माल देतो. पुरवठा किती लवकर पूर्ववत होतो आणि त्यासाठी किती पैसा भांडारात अडकून पडतो, या दोन गोष्टींवर संस्थेचं पुढे किंवा मागे असणं ठरतं. पुढच्या प्रत्येक टप्प्यात निर्णय घेताना हेच दोन प्रश्न विचारा.

## टप्पा १ : सामानामुळे जाणारा वेळ वेगळा काढा

वीज वितरणात खंडित पुरवठा मोजायला दोन निर्देशांक सर्रास वापरतात. साइडी म्हणजे एका ग्राहकामागे सरासरी किती वेळ पुरवठा बंद होता, आणि साइफी म्हणजे सरासरी किती वेळा बंद झाला. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण त्यातून सामानाचा दोष दिसत नाही. बंद वेळेत दोष शोधणं, पथक पोहोचणं, परवानगी मिळणं, सामान येणं, काम होणं आणि पुन्हा चालू करणं हे सगळं एकत्र मोजलं जातं.

चार आठवडे प्रत्येक दुरुस्तीसोबत एक साधी नोंद ठेवा : पथक जागेवर कधी पोहोचलं, सामान पूर्ण कधी हाताशी आलं, काम कधी सुरू झालं. कोणत्या नगासाठी थांबावं लागलं, तेही लिहा. पाणीपुरवठ्यात हीच नोंद गळती कळल्यापासून दुरुस्तीची कॉलर बसेपर्यंत ठेवायची.

सावधान : ही नोंद पथकाची चूक शोधण्यासाठी आहे असं वाटलं तर आकडे खोटे येतील. पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा की तपासणी भांडाराची आणि खरेदीची आहे, पथकाची नाही.

चार आठवड्यांनी हातात एक छोटी यादी येते. पंधरा-वीस वस्तूच बहुतेक वेळ खाताना दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच स्वस्त असतात. लग (केबलच्या टोकाला जोडणीसाठी बसवायचा धातूचा तुकडा), गॅस्केट, फ्यूज, क्लॅम्प. ही यादी जपून ठेवा, ती चौथ्या टप्प्यात लागेल.

## टप्पा २ : सामानाची यादी स्वच्छ करा

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. एकच वस्तू वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या क्रमांकांनी पडलेली असते. एका भांडारात शिल्लक शून्य दिसते म्हणून नवी खरेदी निघते, आणि तीच वस्तू दुसऱ्या क्रमांकाखाली त्याच मांडणीवर धूळ खात असते.

नाव ठरवण्याची पद्धत. आधी मुख्य नाम, मग प्रकार, मग मापं, आणि हा क्रम सगळीकडे सारखा. उदाहरणार्थ : 'लग, केबलचा, ॲल्युमिनियम, ९५ चौमिमी, भोक १२ मिमी'. किंवा 'व्हॉल्व्ह, स्लूस, १५० मिमी, फ्लँजचा, दाबश्रेणी १६'. पुरवठादाराचं व्यापारी नाव मुख्य नावात येऊ देऊ नका, त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. वस्तू एकच, बनवणारे तीन, तर क्रमांक एकच राहतो आणि खाली तीन उत्पादक जोडले जातात.

क्रमांकात अर्थ भरू नका. पहिले दोन अंक गटाचे, पुढचे दोन आकाराचे, अशी रचना आकर्षक वाटते. काही वर्षांत एखाद्या गटात जागा संपते, मग अपवाद सुरू होतात आणि क्रमांकावर कुणाचाच भरवसा राहत नाही. क्रमांक साधा, चढता, अर्थहीन असू द्या. अर्थ रकान्यांत राहू द्या.

एकक. यातली चूक सर्वांत महाग पडते. केबल खरेदीत ड्रममध्ये येते, साठ्यात मीटरमध्ये दिसते आणि कामाच्या अंदाजपत्रकात किलोमीटरमध्ये असते. उघडी तार कुठे किलोत, कुठे किलोमीटरमध्ये. रोहित्राचं तेल ड्रम, लिटर आणि किलोलिटर अशा तिन्ही रूपांत. प्रत्येक वस्तूला साठ्याचं एकच एकक ठरवा आणि खरेदीच्या एककापासून त्याचं रूपांतर यादीतच लिहून ठेवा. 'एक ड्रम म्हणजे किती मीटर' हे केबलच्या बाबतीत ठरावीक नसतं, प्रत्येक ड्रमची लांबी वेगळी असू शकते. तिथे रूपांतराऐवजी ड्रमनिहाय खरी लांबीच नोंदवायला हवी.

दुबार क्रमांकांचं काय करायचं? पुसू नका. जुन्या क्रमांकावर मागचे व्यवहार, चालू करार आणि लेखापरीक्षणाच्या नोंदी टांगलेल्या असतात. त्याला 'बंद' अशी खूण करा, नव्या क्रमांकाचा दुवा द्या, शिल्लक रीतसर चिठ्ठीने हलवा आणि त्यावर नवी मागणी निघणार नाही अशी अडवणूक घाला.

सगळी यादी एकदम घ्यायला जाऊ नका. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या वस्तू आणि त्यांचे गट आधी घ्या. यादी हाताळणाऱ्यांमध्ये निदान एक माणूस असा हवा ज्याने त्या वस्तू हाताने बसवल्या आहेत. वर्णनात भोकाचं माप राहून गेलं तर कार्यालयातल्या माणसाला खटकत नाही, लाइनमनला लगेच खटकतं.

तपासा : यादीतल्या कोणत्याही वीस ओळी पथकातल्या दोघांना वेगवेगळ्या खोलीत वाचायला द्या आणि भांडारातून ती वस्तू आणायला सांगा. दोघांनी वीसच्या वीस वेळा सारखीच वस्तू आणली तर वर्णन पुरेसं आहे. एकातही फरक पडला तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : प्रत्यक्ष मोजा

मोजणाऱ्याच्या हातात नोंदीतली शिल्लक देऊ नका. कागदावर ४८ लिहिलेलं दिसलं की माणूस ४८ मोजतो. वस्तूचं नाव आणि जागा एवढंच द्या, आकडा त्याने लिहायचा. मोजणीच्या काळात आवक-जावक थांबवता आली तर उत्तम, नाहीतर ठरावीक वेळेनंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत टाका.

भांडाराच्या भिंतींपुरतं मोजून चालत नाही. सामान दुरुस्तीच्या गाड्यांत असतं, उपकेंद्राच्या कोपऱ्यात असतं, पंपघरात असतं, ठेकेदाराच्या आवारात असतं. केबलचे उरलेले तुकडे तर सगळीकडे असतात. बारा मीटरचा तुकडा आणि चारशे मीटरचा तुकडा यांची बेरीज ४१२ मीटर होते, पण त्यातून चारशे दहा मीटरचं एक सलग काम होत नाही. तुकडे वेगवेगळे नोंदवा, आणि कोणत्याच कामाला न पुरणारे तुकडे त्याच दिवशी भंगारात वर्ग करा.

मोजताना मालाची अवस्थाही बघा. राळेच्या जोड किटला वापरण्याची मुदत असते, आणि आधीच ताणून ठेवलेल्या कोल्ड श्रिंक किटलाही असते. केबलच्या टोकांवरची टोपी निघालेली असेल तर आत ओल शिरलेली असू शकते. रोहित्राच्या श्वसन-नळीतला सिलिका जेल निळ्याचा गुलाबी झाला असेल तर तो ओलाव्याने भरलेला आहे. प्लास्टिकचे नळ आणि रबरी रिंग उन्हात पडून राहिल्या असतील तर आकडा बरोबर येऊनही माल निरुपयोगी निघेल.

नेहमीची चूक : मोजणीनंतर एकूण किमतीचा फरक काढून 'अचूकता ९९ टक्के' असा अहवाल देणं. एका वस्तूचा तुटवडा दुसऱ्या वस्तूच्या जादा साठ्याने भरून निघतो आणि बेरीज छान दिसते. अचूकता ओळींवर मोजा : किती वस्तूंचा आकडा नोंदीशी जुळला, भागिले एकूण मोजलेल्या वस्तू. पहिल्यांदा हा आकडा लाजिरवाणा येतो. तो तसाच अहवालात लिहा.

## टप्पा ४ : वर्गवारी, पण किमतीची एकटी नको

भांडारशास्त्रातली तीन परिचित मापं एकत्र लावायची. वार्षिक खर्चानुसार ए-बी-सी ('ए'वर सर्वांत जास्त खर्च, 'सी'वर सर्वांत कमी), सेवेला किती आवश्यक त्यानुसार अत्यावश्यक-आवश्यक-इष्ट, आणि हालचालीनुसार जलद-मंद-अचल.

नुसत्या ए-बी-सीने सेवा संस्थेचं नुकसान होतं. कारण सरळ आहे. स्वस्त आणि अत्यावश्यक अशा वस्तू 'सी' गटात जातात आणि 'सी'कडे लक्ष देऊ नका असं पुस्तक सांगतं. पहिल्या टप्प्यातली यादी काढा आणि बघा, तुमचा वेळ खाणाऱ्या बहुतेक वस्तू तिथेच सापडतील. अशा स्वस्त-अत्यावश्यक वस्तूंना सढळ हाताने साठा द्या. त्यांच्या साठ्यावर काटकसर करून वाचणारा पैसा पथकाच्या एका वाया गेलेल्या रात्रीत संपतो.

'अत्यावश्यक' हा शिक्का कोण देतो, हेही ठरवा. प्रत्येक विभागाला विचारलं तर सगळंच अत्यावश्यक ठरतं. कसोटी एकच ठेवा : ही वस्तू नसेल तर ग्राहकाचा पुरवठा बंद राहतो का, आणि तात्पुरती दुसरी सोय करता येते का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तरच शिक्का.

## टप्पा ५ : मुदत मोजा, मग राखीव साठा ठरवा

मुदत म्हणजे मागवलेला माल हाती यायला लागणारा वेळ. ती कुठून कुठपर्यंत? करारात 'आदेशापासून ९० दिवस' लिहिलेलं असतं आणि तोच आकडा प्रणालीत भरला जातो. भांडाराच्या दृष्टीने मुदत मागणी नोंदवल्याच्या दिवशी सुरू होते आणि माल तपासून, स्वीकारून, मांडणीवर ठेवल्याच्या दिवशी संपते. त्यात निविदा, मंजुरी, कारखान्यातली तपासणी, वाहतूक आणि प्रयोगशाळेचा अहवाल सगळं येतं. मागच्या दहा-बारा खरेद्यांच्या तारखा काढा. सरासरी काढा आणि चढउतारही काढा.

आता हिशेब. नेहमी लागणाऱ्या वस्तूंसाठी राखीव साठ्याचं प्रचलित सूत्र असं :

राखीव साठा = गुणक × √(सरासरी मुदत × मागणीच्या चढउताराचा वर्ग + सरासरी मागणीचा वर्ग × मुदतीच्या चढउताराचा वर्ग)

इथे चढउतार म्हणजे प्रमाण विचलन. गुणक ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे १.६५ आणि ९९ टक्क्यांसाठी २.३३.

उदाहरण घेऊ. महिन्याला सरासरी १०० नग लागतात, मागणीचा चढउतार ३० नग. मुदत सरासरी ४ महिने, तिचा चढउतार दीड महिना. मुळाखाली ४ × ९०० म्हणजे ३,६०० आणि १०,००० × २.२५ म्हणजे २२,५००. बेरीज २६,१००, तिचं वर्गमूळ सुमारे १६१.६. गुणिले १.६५ म्हणजे राखीव साठा सुमारे २६७ नग. मुदतीतली सरासरी मागणी ४०० नग. म्हणून हातातली आणि आदेश दिलेली शिल्लक मिळून ६६७ वर आली की नवी मागणी काढायची.

आता याच उदाहरणात दोन प्रयोग करा, कारण हा हिशेब केला नाही म्हणून चुकीच्या वस्तूवर पैसा खर्च होताना मी पाहिला आहे.

पहिला प्रयोग : समजा, मागणीचा अंदाज बांधणारी अत्यंत हुशार प्रणाली आणली आणि मागणीचा चढउतार शून्य झाला. राखीव साठा २६७ वरून सुमारे २४८ वर येतो. वाचले १९ नग.

दुसरा प्रयोग : प्रणाली आणली नाही, पण पुरवठादाराची आणि स्वतःच्या तपासणीची शिस्त लावून मुदतीचा चढउतार दीड महिन्यावरून अर्ध्या महिन्यावर आणला. राखीव साठा सुमारे १२९ वर येतो. वाचले १३८ नग.

लांब आणि बेभरवशाच्या मुदतीच्या वस्तूंमध्ये अंदाजापेक्षा वक्तशीरपणा कितीतरी जास्त देतो. त्यातलाही मोठा भाग बाहेरच्या पुरवठादाराच्या हातात नसतो. माल आवारात येऊन तपासणीसाठी पडून राहण्याचे दिवस मोजा. ते तुमचेच दिवस आहेत.

क्वचित लागणाऱ्या वस्तूंना हे सूत्र लावू नका. वर्षाला चार वेळा लागणाऱ्या ब्रेकरच्या कॉइलला महिन्याची सरासरी काढून उपयोग नाही, कारण बहुतेक महिने शून्याचे असतात. तिथे प्वासाँ वितरण, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटनांची शक्यता काढण्याचं संख्याशास्त्रातलं सूत्र, वापरा. वर्षाला ४ नग, मुदत ६ महिने, म्हणजे मुदतीत सरासरी २ नग. दोनच नग ठेवले तर ते पूर्ण मुदतीला पुरण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. चार ठेवले तर ९५ च्या आसपास, पाच ठेवले तर ९८. किती टक्के हवेत ते चौथ्या टप्प्यातला शिक्का सांगतो. अशा तुटक मागणीचा अंदाजच बांधायचा असेल तर क्रॉस्टन यांची १९७२ मध्ये मांडलेली पद्धत वापरा. तीत मागणीचं प्रमाण आणि दोन मागण्यांमधलं अंतर वेगवेगळं धरलं जातं.

वर्षाकाठी एखादाच नग लागणारी मोठी रोहित्रं, मोठ्या व्यासाचे व्हॉल्व्ह यांचा साठा प्रत्येक विभागाने वेगळा ठेवणं परवडत नाही. ते मध्यवर्ती ठेवा, शेजारच्या संस्थेशी सामायिक साठ्याचा करार करता येतो का तेही बघा. त्यासाठी दोघांची तांत्रिक मापं आधी जुळायला हवीत.

## टप्पा ६ : स्मार्ट उपकरणांचा करार

स्मार्ट मीटर किंवा सेन्सर खरेदी करताना माल आणि माहिती अशा दोन गोष्टी येतात. निविदेत मालाची कलमं भरपूर असतात, माहितीची कमी. पुढच्या गोष्टी स्वाक्षरीपूर्वी लिहून घ्या.

संवादाची भाषा खुल्या मानकाची हवी. वीज मीटरसाठी आयईसी ६२०५६ मालिकेतलं डीएलएमएस-कोसेम हे त्याचं उदाहरण. मानकाचं नाव करारात असून भागत नाही. दुसऱ्या उत्पादकाच्या प्रमुख प्रणालीशी (सगळ्या मीटरची माहिती गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरशी) तो मीटर प्रत्यक्ष बोलतो, हे माल स्वीकारण्यापूर्वी करून दाखवायला लावा.

प्रत्येक खेपेसोबत अनुक्रमांक, उत्पादनाची तारीख, फर्मवेअरची (उपकरणातल्या अंगभूत सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि मीटरशी सुरक्षित संवाद साधण्यासाठी लागणाऱ्या सांकेतिक किल्ल्यांची फाइल सुरक्षित मार्गाने मिळाली पाहिजे. किल्ल्या पुरवठादाराकडेच राहिल्या तर पुढच्या पंधरा वर्षांची घासाघीस करण्याची ताकद आजच संपते.

संपर्काचा भाग मीटरपासून वेगळा काढता येणारा घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी जाळी बंद केली. मोबाइल जाळ्यांच्या पिढ्या मीटरच्या आयुष्यापेक्षा लवकर बदलतात. वेगळा काढता येणारा भाग नसेल तर चांगला मीटर केवळ मुका झाला म्हणून बदलावा लागतो.

उत्पादन बंद करण्यापूर्वी पुरेशी लेखी सूचना आणि शेवटच्या खरेदीची संधी, हे कलमही हवं.

माल एकदम मागवू नका, बसवण्याच्या गतीने हप्त्यांत मागवा. पाण्याच्या स्मार्ट मीटरमधली लिथियम बॅटरी कारखान्यातून निघाल्यापासून झिजायला लागते. गोदामात काढलेलं वर्ष तिच्या आयुष्यातून वजा होतं, हमीच्या मुदतीतूनही बहुधा वजा होतं. म्हणून वाटप आवकेच्या तारखेनुसार न करता उत्पादनाच्या तारखेनुसार करा.

सावधान : एकाच पुरवठादाराच्या दरात मिळणारी सवलत बघून शंभर टक्के मागणी त्याला देऊ नका. दोन वेगळ्या उत्पादकांच्या मीटरमध्ये एकच चिप असेल तर कागदावर दोन पुरवठादार दिसतात, प्रत्यक्षात एकच असतो. मुख्य चिप आणि संपर्काचा भाग कुठून येतो हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

## टप्पा ७ : आता टॅग, स्कॅनर आणि मीटरची जोडणी

इथवर आलात तर उपकरणं निवडणं सोपं जातं. किरकोळ वस्तूंच्या खोक्याला बारकोड पुरतो. रोहित्र, मीटर, केबल ड्रम यांना नगागणिक ओळख हवी. रेडिओ टॅग घेणार असाल तर धातूवर चालणारे खास टॅग घ्या, कारण धातू रेडिओ लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. सेवा संस्थेच्या भांडारात याच दोन गोष्टी भरपूर असतात. खरेदीपूर्वी नमुन्याचे टॅग स्वतःच्या भांडारात, भरलेल्या मांडणीवर वाचून बघा. प्रदर्शनातल्या रिकाम्या टेबलावर सगळेच टॅग वाचले जातात.

स्कॅनरचं ॲप जाळं नसतानाही चाललं पाहिजे. पंपघराच्या तळघरात, उपकेंद्राच्या मागच्या भांडारात संपर्क तुटतो. तिथे नोंद अडली की माणूस ती कागदावर करतो, आणि कागद खिशातच राहतो.

स्मार्ट मीटर बसवताना क्रम असा ठेवा : खेप आली, नमुना तपासणी झाली, किल्ल्यांची फाइल प्रणालीत चढली, मीटर पथकाच्या नावे दिला, जागेवर जुन्या मीटरचं शेवटचं वाचन छायाचित्रासह घेतलं, नवा अनुक्रमांक ग्राहक क्रमांकाशी स्कॅन करून जोडला, पहिला संपर्क झाला, आणि मग काम पूर्ण म्हणून बंद केलं. फाइल चढण्यापूर्वी मीटर भांडाराबाहेर पडला तर तो भिंतीवर बसतो पण बोलत नाही, आणि त्याच्यासाठी दुसरी फेरी मारावी लागते. अनुक्रमांक हाताने टाइप करू देऊ नका. एका अंकाच्या चुकीने एकाचं बिल त्याच्या शेजाऱ्याला जातं, आणि त्या तक्रारीने प्रकल्पावरचा विश्वास उडतो.

तपासा : आठवड्याच्या शेवटी चार आकडे जुळवा. भांडारातून गेलेले मीटर = बसवलेले + पथकाकडे शिल्लक + सदोष म्हणून परत आलेले. फरक शून्य नसेल तर सोमवारी नवीन वाटप थांबवा. आणि काढलेले जुने मीटर मोजून परत येतात का, तेही याच वेळी बघा.

## टप्पा ८ : प्रणाली एकमेकींना जोडा

भांडार, मालमत्ता नोंदवही, नकाशा, बिलिंग आणि कामाचे आदेश, या पाच जागी एकाच रोहित्राची पाच वर्णनं असतात. जोडण्याआधी ठरवा की कोणत्या माहितीची मालकी कोणाकडे. वस्तूचं वर्णन भांडाराकडे, जागा नकाशाकडे, ग्राहक बिलिंगकडे, आणि मालमत्तेचा ओळख क्रमांक नोंदवहीकडे. बाकीच्यांनी तो फक्त वाचायचा. दोघांना एकच रकाना बदलता येतो अशी व्यवस्था काही महिन्यांत बिघडते.

सेन्सरचा इशारा उपयोगी पडतो तो त्याच्या मागे सामानाची यादी असेल तरच. रोहित्राच्या तेलात ॲसिटिलीन वाढलं, म्हणजे आत ठिणग्या उडत असण्याची शंका. इशारा मिळाल्यावर पुढे काय? प्रत्येक इशाऱ्याच्या प्रकारासमोर लिहा : पहिली तपासणी कोणती, संभाव्य काम कोणतं, त्याला लागणारं सामान कोणतं. इशारा पक्का झाला की ते सामान आपोआप राखून ठेवलं जाईल अशी जोडणी करा. ज्या इशाऱ्यासमोर ही ओळ लिहिता येत नाही, तो सेन्सर सध्या घेऊ नका.

सुरक्षेचा मुद्दा इथेच येतो, आणि तो भांडाराचाही मुद्दा आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांत कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने पुरवठा सुरू केला. पण हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या संपर्क-रूपांतरकांचं (उपकरणांना जाळ्याशी जोडणाऱ्या पेट्यांचं) फर्मवेअर खराब करून ठेवलं होतं, ती उपकरणं दुरूनच निकामी झाली आणि बदलावी लागली. आता स्वतःच्या यादीत बघा : तुमच्या उपकेंद्रांतल्या अशा रूपांतरकांचे, राउटरचे किती नग साठ्यात आहेत? बहुतेक ठिकाणी त्यांना साठ्यातली वस्तूच मानत नाहीत, ते 'संगणक विभागाचं' असतं. त्यांना क्रमांक द्या, अत्यावश्यक शिक्का द्या, आणि सुस्थितीतल्या फर्मवेअरची व मांडणीची प्रत जाळ्यापासून अलग ठेवा. नवं फर्मवेअर उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी तपासल्याशिवाय चढू नये. पुरवठादाराला दुरून प्रवेश हवा असेल तर तो मागणीनुसार, ठरलेल्या वेळेपुरता उघडा आणि बंद करा.

## टप्पा ९ : एका भांडारात चालवून बघा

एक भांडार आणि त्यावर अवलंबून असलेली पथकं निवडा. सगळ्यात चांगलं चालणारं भांडार निवडू नका, मध्यम निवडा. आठ आठवडे नव्या पद्धतीने चालवा. या काळात जुनी नोंदवही समांतर ठेवा, पण तिची अंतिम तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. दोन्ही नोंदी कायम चालू राहिल्या तर लोक जुनीच भरतात.

पहिली खरी परीक्षा रात्रीच्या तातडीच्या वाटपाची असते. भांडारपाल झोपलेला आहे, पथक दारात उभं आहे. कुलूप आणि मंजुरी यांत अडकलं तर लोक सामान आधीच गाडीत लपवून ठेवतात आणि साठ्याचा आकडा पुन्हा खोटा होतो. म्हणून रात्रीसाठी दोन पायऱ्यांची सोय हवी : पथकप्रमुखाने स्कॅन करून सामान उचलायचं, कामाचा आदेश क्रमांक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जोडायचा. जोडला नाही तर नाव यादीत दिसतं, पण सामान अडत नाही.

दुरुस्तीच्या गाडीला ठरावीक सामानाचं किट द्या आणि ते आठवड्याला पुन्हा भरा. किटमध्ये काय असावं हे पहिल्या टप्प्यातली यादी ठरवेल.

काम झाल्यावर उरलेलं सामान परत घेण्याची खिडकी ठेवा, आणि परत देणाऱ्याला एकही प्रश्न विचारू नका. नेलेलं जास्त का होतं, अशी विचारपूस सुरू झाली की उरलेलं परत येणं थांबतं. परत आलेल्या वस्तू त्याच दिवशी तपासून मांडणीवर जाव्यात. केबल असेल तर टोकं बंद करून, लांबी मोजून, नव्या तुकड्याच्या ओळीत.

आठ आठवड्यांनी पहिल्या टप्प्यातली नोंद पुन्हा चार आठवडे ठेवा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा : सामानासाठी थांबलेला वेळ, ओळीनिहाय अचूकता, आणि वर्षभर न हललेल्या साठ्याची किंमत. पहिला कमी झाला पण तिसरा वाढला असेल तर तुम्ही नुसता साठा फुगवला आहे. पाचव्या टप्प्यात जा आणि मुदतीचे आकडे पुन्हा तपासा. दुसरा वर गेला नसेल तर पुढचं भांडार घेऊ नका.